राजूरचा कॅमेरा, बोरीचं लग्न

मी कॅमेरा बोलतोय. गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या लग्नांचा, तुमच्या हसऱ्या तोंडांचा आणि "एक अजून, एक अजून" या तुमच्या हावरटपणाचा मला मनापासून तिटकारा आहे. सध्या मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरब गावात, दुसऱ्याच्या घरी, कपाटावर मिक्सरच्या खोक्याशेजारी पडून आहे. इथे मी कसा आलो आणि इथून का हलत नाही, ते ऐकायचं असेल तर ऐका.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही आणि त्याचं दुःखही नाही. आठवतं ते नागपूरच्या दुकानातलं काचेचं कपाट. येणारा प्रत्येक जण मला हातात घ्यायचा, डोळ्याला लावायचा, समोरच्या मोटारसायकलवर रोखायचा आणि "मोबाईलमध्येच येते आता सगळं" म्हणून परत ठेवायचा. आठ महिने हेच ऐकलं. अशाने कुणाचा स्वभाव गोड राहील?

मग मला प्रफुल्लने घेतलं. प्रफुल्ल वणीजवळच्या राजूरचा, कोळशाच्या खाणीत कामाला. भिंतीला भेग गेली, छताचा आधार वाकला, कोळसा वाहणारा पट्टा फाटला, की तिथे जायचं आणि फोटो काढून साहेबांकडे पाठवायचे, हे त्याचं काम. फोटोतली भेग नीट दिसली नाही तर तिथे माणसं दबतात. म्हणून तो माझ्याशी नीट वागायचा. कामावरून आला की हात धुवायचा, आणि मगच मला पुसायचा. तेवढ्यापुरता तो मला आवडायचा.

माझ्यात एक खोड आहे. समोर सगळं काळं दिसलं की मला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि मी फोटो उगाच उजळ करतो. कोळसा राखेसारखा येतो, भेग नाहीशी होते. उलट समोर सगळं पांढरं आलं की मला वाटतं उजेड फार झाला, आणि मी फोटो काळपट करतो. प्रफुल्लला माझी खोड पहिल्या आठवड्यातच कळली. त्याने माझ्या उजेडाचं बटण दोन घरं खाली आणून ठेवलं. तेव्हापासून माझ्या फोटोत कोळसा कोळशासारखा यायला लागला. तीन वर्षं ते बटण तिथेच होतं.

आता त्या घरातलं भांडण सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

प्रफुल्लची आई विमलताई. तिचा थोरला भाऊ गोविंदा बोरीला राहतो. गोविंदाची मुलगी पायल अकरावी-बारावीची दोन वर्षं राजूरला आत्याकडे राहून शिकली. विमलताईने तिचे डबे भरले, तापात उशाशी बसली, वणीच्या बसपर्यंत रोज सोडायला गेली. पुढे पायल नर्स झाली आणि विमलताईने प्रफुल्लसाठी भावाकडे शब्द टाकला. मामाची मुलगी मागण्याचा हक्क आपल्याकडे धरतातच. गोविंदाने नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण चार पाहुण्यांदेखत तो म्हणाला, "पोरीले शिकवलं थे काय कोळशात घालाले?"

खरं तर प्रफुल्लला आणि पायललाही हे लग्न नकोच होतं. दोघं लहानपणापासून भावंडांसारखी वाढलेली. पण त्यांना विचारलं कुणी? विमलताईला लागलं ते पोरगी न मिळाल्याचं नव्हे, पोराच्या कामाला सगळ्यांदेखत नावं ठेवल्याचं. ती तिथून उठली, आणि दोन वर्षं भावा-बहिणीत शब्द नव्हता.

यंदा पायलचं लग्न ठरलं. नवरा मुलगा अमर, पुसदचा. आत्याला लग्नाचं बोलावणं करायचं तर भावाने स्वतः जायचं, पत्रिका तिच्या हातात द्यायची, चहा घ्यायचा, मग ती येते. गोविंदाने पत्रिकेचा फोटो काढून मोबाईलवर पाठवला. विमलताईने तो पाहिला आणि मोबाईल उलटा ठेवला. म्हणाली, "पत्रिका हातानं नाई आली. मी त्याच्या मांडवात पाय नाई ठेवत."

लग्नाला तीन दिवस उरले आणि दारव्ह्याच्या फोटोवाल्याने हात वर केले. दिग्रसला त्याला मोठं लग्न मिळालं होतं. तेव्हा पायलचा भाऊ संघदीप मोटारसायकल घेऊन राजूरला आला. हा पोरगा शूर. ज्या आत्याशी बाप बोलत नाही, तिच्या घरी जाऊन कॅमेरा मागायचा म्हणजे खायचं काम नाही. मला वाटलं, ही बाई त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावेल. तिने त्याला जेवायला वाढलं. तो जेवत होता तेव्हा ती प्रफुल्लला म्हणाली, "दे त्याले. भांडण माह्यं दादासंग हाय, पोरीसंग नाई."

प्रफुल्ल मला समजावून द्यायला लागला. संघदीपने बॅग गळ्यात अडकवलीसुद्धा. "दादा, मोबाईलवर रोजच काढतो ना मी," म्हणाला. प्रफुल्ल घाईघाईत एवढंच सांगू शकला की स्क्रीनचा उजेड कमी करून ठेवलाय, खाणीच्या अंधारात डोळ्यावर येतो, तेव्हा फोटो काळा दिसला तर घाबरू नको. उजेडाच्या बटणाचं सांगणार तोवर संघदीपने किक मारली होती.

अर्धवट शिकवणीसारखं वाईट काही नाही. काहीच सांगितलं नसतं तर पहिला काळा फोटो पाहून तो पोरगा थांबला असता. आता त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

लग्न गावातल्या बुद्धविहारासमोरच्या पटांगणात. एप्रिलची अखेर, दुपारचं ऊन. वेळ साडेअकराची छापलेली, सुरुवात दीड वाजता. मांडव पांढरा, समोरच्या चौरंगावरचं कापड पांढरं, नवरी-नवरदेवाचे कपडे पांढरे, आणि निम्म्या बायकांच्या साड्या पांढऱ्या. माझ्या खोडीला इतकं रान मोकळं कधीच मिळालं नव्हतं. त्यात ते बटण दोन घरं खाली.

पहिले दहा-बारा फोटो संघदीपने माझ्या डोळ्यावरचं झाकण न काढताच काढले. एका बाईने दाखवून दिलं तेव्हा अख्खी रांग हसली. मग तो चिडला आणि राग माझ्यावर काढला. बटण असं दाबायचा की ढेकूण मारतोय. मध्येच मला कपाळाचा घाम लागायचा. लोकांचं तर विचारू नका. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून ओठ घट्ट मिटलेले काका "आपला एक काढ गा" म्हणून पुढे यायचे. एका बाईने माझ्यासमोर तीनदा पदर बदलला. जेवायच्या पंगतीत घास तोंडाशी धरून थांबलेली माणसं पाहिली की मला माणसांची कीव येते. कुणासाठी थांबता? वांग्याची भाजी थंड होते.

अधूनमधून संघदीप स्क्रीनवर हात आडवा धरून बघायचा. काळं दिसायचं. "उजेड कमी ठेवला हाय त्यानं," असं स्वतःशीच म्हणायचा आणि पुढचा फोटो काढायचा.

विधी चालला जेमतेम अर्धा तास. त्रिशरण, पंचशील झालं, दोघांनी प्रतिज्ञा घेतली, हार घातले. मंगलगाथा सुरू झाल्या आणि लोक फुलांच्या पाकळ्या टाकू लागले. संघदीप प्लास्टिकच्या खुर्चीवर चढला, मला डोक्याच्या वर धरलं आणि धडाधड बटण दाबत सुटला. सगळ्यांची डोकी, उडणाऱ्या पाकळ्या, मांडवाच्या कडेची पाण्याची टाकी, जे समोर आलं ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या टीव्हीला जोडून सगळे फोटो बघायला बसले. गोविंदा पुढे खुर्चीत, त्याची बायको पंचफुला खाली सतरंजीवर, दोन-चार पाहुणे. पहिला फोटो आला. काळा. दुसरा काळा. पांढऱ्या साड्या ओल्या राखेच्या रंगाच्या, माणसांना तोंडं नाहीत, नवरी कुठली आणि नवरदेव कुठला ते हारावरून ओळखायचं. शंभरेक फोटो पुढे सरकवल्यावर पंचफुला रडायला लागली. लेकीच्या लग्नाचा एकही फोटो धड नाही, हे कुठल्या आईला सोसेल? तिच्यासाठी मला वाईट वाटलं. होय, मलाही वाटतं.

संघदीपने सांगून टाकायला हवं होतं की मला हा कॅमेरा कळला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, त्यातलं अंगण मी झालो. तो मूग गिळून बसला. गोविंदाने फोन उचलला आणि राजूरला लावला. प्रफुल्लने घेतला. उजेडाचं बटण, एवढेच दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले असतील. गोविंदाने त्याला बोलूच दिलं नाही, आईला दे म्हणाला.

विमलताई फोनवर आली तशी गोविंदाने आवाज मोठा करून फोन सगळ्यांसमोर धरला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं बोलला तो.

"तुह्या पोरानं दावा साधला. पोरगी देल्ली नाई म्हून माह्या पोरीच्या लग्नाले काळं फासलं त्यानं. तू सोता तं आलीच नाई, आन् असा कॅमेरा पाठवला."

मग विमलताई सावकाश म्हणाली, "मी आलीच नाई, हे खरं हाय दादा." आणि फोन बंद झाला.

गोविंदा त्या बंद फोनकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. बाकीच्यांना वाटलं, राग आवरतोय.

त्या दिवसापासून मी पनवती झालो. येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवायचा. प्रफुल्लचं नाव गावभर खराब झालं. ज्याने आयुष्यात माझ्याकडून एक खोटा फोटो काढला नाही, त्याच्यावर हे खापर. आणि मला तोंड नाही. मला डोळा दिलाय, तोंड दिलं नाही, ही माझ्या जन्मदात्यांची सगळ्यात मोठी चूक.

चौथ्या दिवशी मांडवपरतणीला पायल माहेरी आली. तिला फोटोंचं कळलं होतं. ती रडली-बिडली नाही. तिने मला उचललं आणि बसस्टँडजवळ समीक्षाचं दुकान आहे तिकडे निघाली. समीक्षा तिची शाळेतली मैत्रीण. फॉर्म भरून देते, पासपोर्ट फोटो काढते, लग्नाचे अल्बमही जुळवून देते. संघदीप मागे मान खाली घालून.

समीक्षाने माझ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, दोन फोटो उघडले आणि पायलला जवळ बोलावलं. "हे पाह्य. हरेक फोटोसंग कॅमेरा लिहून ठेवते, कोनतं बटन कुठं होतं थे. तुह्या लग्नाचे सारे फोटो दोन घरं खाली. आता हा कोळशाचा पाह्य, मार्चमधला. हाही दोन घरं खाली. कोनं काई मुद्दाम नाई केलं."

ऐकलंत? चार दिवस अख्ख्या घराने शिव्या दिल्या, आणि उत्तर माझ्या पोटात लिहिलेलं होतं. कुणी उघडून पाहिलं नाही.

मग संघदीपच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, किक मारल्याचंसुद्धा. समीक्षाने फोटोंचा उजेड वाढवायला सुरुवात केली. आणि आता जरा माझं कौतुक ऐकून घ्या. पाहुण्यांच्या मोबाईलमधल्या फोटोत उन्हाने पांढऱ्या साड्यांचे नुसते चट्टे झाले होते. काठ नाही, चुणी नाही. माझ्या काळ्या फोटोतून मात्र पांढरं हळूहळू वर आलं, साडीची वीण न् वीण घेऊन. चेहरे आले. पायलच्या केसांतली पाकळी आली. ती पहिल्यांदाच हसली.

पाकळ्या टाकतानाचे फोटो आले. समीक्षाने उजेड वाढवला तशी मांडवाची कडही उजळली. तिथे, पांढऱ्या कापडाच्या अगदी बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ निळ्या साडीतली एक बाई उभी होती. उजव्या हाताची मूठ छातीशी धरलेली, मुठीत पाकळ्या. विमलताई. यवतमाळला गाडी बदलून, एवढ्या उन्हात आली होती. शब्द मात्र पाळला तिने, मांडवात पाय ठेवला नव्हता.

पायलने तोंडावर हात घेतला. पण समीक्षाचं बोट दुसरीकडे होतं. सगळा मांडव नवरी-नवरदेवाकडे बघत होता, आणि गोविंदा एकटाच टाकीकडे. सरळ बहिणीच्या तोंडाकडे. पुढच्या फोटोत त्याने पाठ फिरवलेली होती. ती अजून तिथेच, तशीच मूठ धरून. त्याच्या पुढच्या फोटोत टाकीजवळ कुणी नव्हतं.

पायलने तिथूनच राजूरला फोन लावला. "आत्या, तू आलती?"

"नाई वं," विमलताई म्हणाली. "मी कायले येतो? दुसरंच कोनी दिसलं अशीन तुले. साडी चांगली दिसली का तुह्यी?"

बघा. भाऊ म्हणतो ती आली नाही, बहीण म्हणते मी आले नाही. एकाच माळेचे मणी. बिनबोलावता आले आणि भावाने पाहून पाठ फिरवली, हे ती बाई मेली तरी कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळी घरी पुन्हा टीव्हीला जोडलं. या वेळी सगळे खूश. पंचफुला तर प्रत्येक फोटोला एकेकाचं नाव घेत होती. प्रफुल्लची चूक नव्हती, हेही पायलने सगळ्यांना समजावून सांगितलं. गोविंदाने "हं" केलं. फोन उचलून भाच्याला दोन शब्द बोलावे, असं काही त्याला सुचलं नाही. मग तो फोटो आला. पायलने तो मोठा केला.

पंचफुलाच सावकाश म्हणाली, "अवो, ह्या तं विमलबाई. आन् तुमी तिकडंच पाहून राह्यले."

गोविंदा उठला. "थो फोटो अल्बमात नोको घालू," म्हणाला. "बाकीचे चांगले आले."

तेव्हा पायलने मला बॅगेत घातलं आणि त्याच्या खुर्चीवर ठेवलं. "बाबा, कॅमेरा वापस द्याचा हाय. तुमीच जाजा राजूरले. दुसऱ्या कोनाच्या हातानं नाई जाणार थो."

"मंग राहू दे इथंच," गोविंदा म्हणाला.

तेव्हापासून मी इथे आहे. साडेतीन महिने झाले. खाणीत प्रफुल्ल आता मोबाईलवर भेगांचे फोटो काढतो म्हणे, नीट येत नाहीत. तरी त्याने मला मागितलं नाही. मागितलं तर मामाला वाटेल हिशेब चुकता करतोय. संघदीप दोनदा मला न्यायला निघाला, पायलने पुसदहून फोनवर त्याला थांबवलं. माझी बॅटरी संपली आहे, अंगावर धूळ आहे. पावसाळी हवेत काचेला बुरशी धरते, याची इथे कुणाला कल्पना नाही.

परवा सकाळी मात्र एक झालं. गोविंदाने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मला कपाटावरून काढलं. कुणाला काही न सांगता बसस्टँडवर गेला. मी बॅगेत होतो, पण कान शाबूत आहेत माझे. यवतमाळची गाडी आली. कंडक्टर दारात उभा राहून "यवतमाळ, यवतमाळ" ओरडत होता. माणसं चढली, पोती चढली. गोविंदाने बॅगेचा पट्टा मुठीत धरला होता. घंटी वाजली, गाडी गेली. आम्ही तिथेच.

घरी आल्यावर पंचफुलाने विचारलं, कुठे गेले होते. म्हणाला, "वणीकडं जाव म्हनलं होतं. गाडीच नाई भेटली." आणि मला परत मिक्सरच्या खोक्याशेजारी ठेवलं.

तुम्हाला चार उपदेश करून निरोप घ्यावा, अशी आमच्यात रीत आहे. दुसऱ्याची वस्तू आणली तर आधी समजून घ्या, वगैरे. ते तुमचं तुम्ही बघा, मला तुमच्यात रस नाही. मला एकाच माणसाशी बोलायचं आहे आणि त्याला माझं ऐकू येत नाही. गोविंदा, मला तू मुळीच आवडत नाहीस. पण मी बुरशी लागून आंधळा झालो तर तुझ्याकडे राजूरला जायला निमित्तही उरणार नाही, आणि बिनानिमित्ताने बहिणीच्या दारात जाईल असा माणूस तू नाहीस. तिथे गेल्यावर काही बोलू नकोस हवं तर. मला तिच्या हातात दे, चहा घे आणि ये. उद्या सकाळी साडेसातला गाडी आहे.